जाड आहे म्हणून दोन वर्षं कुणी रक्तच तपासलं नाही

तळ्याकाठची

गणपतीत आमच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं. यंदा पहिल्यांदाच रांगेत उभी राहिले. टेबलाशी बसलेल्या मुलीने बोट टोचलं, निळ्या द्रावणात रक्ताचा एक थेंब सोडला आणि आम्ही दोघी त्या थेंबाकडे बघत राहिलो. थेंब तळाशी जायला हवा. माझा वरच तरंगत राहिला. तिने पुन्हा एक थेंब सोडला. तोही तरंगला. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तुमचं रक्त घेता येणार नाही. उद्याच्या उद्या सीबीसी करून घ्या. विसरू नका हं."

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ७.२. नंतर सोनोग्राफी झाली, त्यात गर्भाशयात दोन फायब्रॉइड, म्हणजे गाठी.

हे सगळं इथे मांडतेय, कारण त्याआधीची दोन वर्षं मी हेच सांगत फिरत होते. माझं वय ४१, उंची पाच फूट दोन इंच, वजन ८४ किलो. राहते नौपाड्यात, नोकरी बेलापूरला. ठाणे स्टेशनचा पूल एका दमात चढता येईना. पाळी आठ-आठ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड. एका दवाखान्यात तीनदा गेले, एकदा एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. दरवेळी मी खुर्चीत बसायच्या आत समोरच्यांची नजर माझ्या अंगावरून फिरून आलेली असायची. दम लागतो? वजन. पाळीचा त्रास? वजन. केस गळतात? वजन. "आधी दहा-बारा किलो उतरवा, मग बघू." हाताने पापणी खाली ओढून आतला रंग बघायला किती सेकंद लागतात? ते शिबिरातल्या मुलीने केलं. डॉक्टरांनी एकदाही नाही.

आणि मला जास्त लागतंय ते वेगळंच. मीही त्यांचं खरं मानलं. रात्रीचं जेवण सोडलं, भात बंद केला, सकाळी सहाला तलावपाळीला फेऱ्या मारायला जायला लागले. दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी कठड्यावर बसायचे आणि मनात म्हणायचे, आळशी आहेस, म्हणून तुझं असं होतं. अंगात रक्त नव्हतं आणि मी स्वतःला आळशी म्हणत होते.

ट्रान्सहार्बरच्या लोकलने जाणाऱ्यांना चौथी सीट ठाऊक आहे. बाक तिघींचा, चौथी कडेला टेकते. मी बाकावर असले की चौथीला जागा होत नाही. कुणी काही बोललं नाही तरी कळतं. पर्स जरा जोरात मांडीवर ठेवली जाते, एक सुस्कारा येतो. म्हणून गेली कित्येक वर्षं मी गाडीत बसतच नाही. गाडी ठाण्याहून रिकामी सुटते, तरी दाराशी उभी राहते. कुणी जागा दिली तर "बसा तुम्ही, मी उतरतेच आहे" म्हणते. बेलापूर पाऊण तासावर असतं. ७.२ हिमोग्लोबिन घेऊन मी तो पाऊण तास रोज दोनदा उभी होते.

आपल्याकडे जाड म्हणायला किती शब्द आहेत बघा. बाळंतपणानंतर "सुटली". स्थळ सांगताना "मुलगी जरा हेल्दी आहे". शाळेत ढोली, भोपळा. घरात प्रेमाने जाडू. आणि बारीक झालं की लगेच "काय सुरेख दिसतेस!" गेल्या मार्चमध्ये माझं चार किलो वजन उतरलं, तेव्हा ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हा रोज रात्री माझे पाय ओढायचे आणि जिने चढताना कानात ठोके ऐकू यायचे.

वजनाचा तब्येतीशी संबंध नाही असं मी म्हणत नाही. माझी तीन महिन्यांची सरासरी साखर सीमेवर आहे, ती खाली आणायची आहे आणि त्यासाठी मी झटणार आहे. पण मी जाड असतानाही आजारी पडू शकते आणि माझा आजार शोधला गेला पाहिजे, एवढंच म्हणतेय. तुमच्या बाबतीत असं झालं आहे का?

केळफूल

वाचताना छातीत धस्स झालं. माझं उलटं. मी ४३ किलोची. "घरात खायला देत नाहीत का?" हे मी वीस वर्षं ऐकतेय. लुकडी, काडी, फुंकर मारली तर उडशील. लोक बिनदिक्कत मनगट धरून बोटांनी मोजून दाखवतात. बारीक बाईला बोललेलं तिला लागत नाही असं सगळ्यांना वाटतं.

रबाळे_ते_रबाळे

मी पुरुष, ३६, वजन ६४, उंची पाच सात. कुणीही मला जाड म्हणणार नाही. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटी साखर १६८ निघाली. घरी कुणाचा विश्वास बसेना. आई म्हणाली रिपोर्ट बदलला असेल, एवढ्या बारीक पोराला कुठला डायबेटीस.

डॉक्टरांनी मला पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल सांगितलं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी. आपल्याकडच्या पुष्कळ लोकांचं असंच असतं, म्हणून कपड्याच्या मापावरून साखरेचा अंदाज बांधू नये.

तुम्हाला जाड म्हणून तपासलं नाही, मला बारीक म्हणून. चूक तीच.

स्पष्टवक्ता_खारघर

ताई, तुमच्याबाबत जे झालं ते चुकीचंच. पण या धाग्याचा सूर मला काळजीचा वाटतो. हल्ली "आहे तशी मी छान" म्हणत लोक आजार अंगावर काढतात. माझा मोठा भाऊ ४६ व्या वर्षी गेला. वजन ११० किलो, झोपेत हार्ट अटॅक. आम्ही घरातले त्याला दुखवायचं नाही म्हणून गप्प बसलो. "खात्यापित्या घरचा आहे" म्हणून हसण्यावारी नेलं. आज वाटतं, रोज बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं. देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण आहेत. अशा वेळी वजनाबद्दल बोलूच नका म्हणणं मला पटत नाही. वाईट वाटलं तर क्षमस्व, पण जीव गेल्यावर मान ठेवून काय उपयोग.

तळ्याकाठची

स्पष्टवक्ता, तुमच्या दादांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही वाईट हेतूने लिहिलेलं नाही हे कळतंय, म्हणून मनातलं विचारते.

माझ्याशी वजनाबद्दल न बोललेला एकही माणूस माझ्या आयुष्यात नाही. आई, सासूबाई, नणंद, ब्लाउज शिवणारी, रिक्षावाला, भाजीवाली. राम मारुती रोडवर दुकानात पाय टाकला की मी काही मागायच्या आत "तुमच्या साइजमध्ये नाही मिळणार" येतं. शाळेपासून ऐकतेय. बोलण्याने वजन उतरत असतं तर मी केव्हाच काडी झाले असते. बोलणारे शंभर होते, तपासणारी एक मुलगी. दादांचं बीपी शेवटचं कधी बघितलं होतं, तुम्हाला आठवतंय का? ते डॉक्टरांकडे जायचे का?

आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची २०१९-२१ ची फेरी बघा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत २४ टक्के जादा वजनाच्या, आणि त्याच वयोगटात ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. म्हणजे माझ्यासारख्या, दोन्ही असलेल्या, काही थोड्या नसणार. पण "खात्यापित्या घरची" दिसणाऱ्या बाईच्या अंगात रक्त कमी असेल हे कुणाच्या मनातच येत नाही.

मोगरा७९

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. तिच्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत डबा उघडत नाहीत. माझीचा डबा रोज तसाच परत येतो. परवा विचारलं तर म्हणाली, "आई, तूच आरशासमोर पोट आत घेऊन म्हणतेस ना, कसली दिसतेय मी."

मी तिला कधीच काही बोलले नव्हते. मी स्वतःलाच बोलत होते आणि ती ऐकत होती. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाही.

आहार_कोपरखैरणे

मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या बीएमआयवरून एवढं सगळं होतं, तो आला कुठून? बेल्जियमचे अडोल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात हे सूत्र मांडलं. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. त्यांना हवा होता 'सरासरी माणूस', लोकसंख्येचा अभ्यास करायला. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेत अॅन्सेल कीज यांनी त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. हजारो लोकांच्या गटासाठी तो उपयोगी आहेच. पण समोर बसलेल्या एका बाईच्या अंगात चरबी किती, स्नायू किती, चरबी पोटावर की मांडीवर, हे त्यातून कळत नाही. आपल्या लोकांना कमी वजनातही मधुमेह होतो, म्हणून भारतात २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. सोबत कंबर मोजतात, बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० ही मर्यादा.

जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'ने नेमलेल्या आयोगाने तर स्पष्ट म्हटलं की नुसत्या बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा आजार आहे असं ठरवू नका. चरबीमुळे अवयवांच्या कामावर परिणाम झालाय का, रोजच्या हालचाली अडतायत का, ते बघा. झाला असेल तर तो आजार, उपचार करा. नसेल तर धोका आहे, लक्ष ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता काट्यावर उभं करायच्या आधी झोप, पाळी, पायऱ्या आणि डबा कोण भरतं हे विचारते. अर्ध्या गोष्टी तिथेच कळतात.

तळ्याकाठची, तुम्ही रात्रीचं जेवण सोडलंत ना, ते आधी पुन्हा सुरू करा. याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ती मुलं चिडचिडी झाली, गारठायला लागली, दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागली. पोटभर मिळायला लागल्यावरही बऱ्याच जणांची भूक लवकर ताळ्यावर आली नाही. उपाशी राहून मग तुटून पडणं हा स्वभावदोष नसतो, शरीर असंच वागतं. लोखंडाची गोळी चालू असेल तर चहा-कॉफी तिच्या आसपास नको, लिंबू-आवळा सोबत असू द्या.

शुभ्रा_सिस्टर

२२ वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे एक कामाची गोष्ट सांगते. जाड दंडाला लहान पट्टा बांधून बीपी घेतलं की ते खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कित्येक जण त्यावर गोळ्या घेत असतात. मोठा पट्टा प्रत्येक ठिकाणी असायला हवा, बऱ्याचदा तो कपाटात पडून असतो. "मोठा पट्टा लावा" असं सांगायला लाजू नका. तुमचा दंड जाड आहे हे आम्हाला दिसतंच, तुम्ही मागितलंत म्हणून कुणाला धक्का बसणार नाही.

तपासायला जाल तेव्हा तक्रारी कागदावर लिहून न्या आणि सरळ विचारा, "याच तक्रारी घेऊन बारीक बाई आली असती तर तुम्ही कुठल्या तपासण्या सांगितल्या असत्या?" हा प्रश्न मी माझ्या बहिणीला शिकवला होता. तिला लगेच सोनोग्राफी लिहून मिळाली.

रबाळे_ते_रबाळे

सिस्टर, हा प्रश्न लिहून ठेवला.

वर्तकनगर_काकू

मी ६९ वर्षांची. मुलाने फोनवर मराठी टाइप करायला शिकवलं तेव्हापासून वाचते, लिहिते क्वचितच.

आमच्या लहानपणी "तब्येत सुधारली" म्हणजे वजन वाढलं. ते कौतुकच असे. ७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर मिळालेली सुकडी खाऊन वाढलेली माणसं आम्ही. सासरहून माहेरी आलेली लेक वाळलेली दिसली की आया पदराने डोळे पुसायच्या. तीच मी, ठाण्यात आल्यावर कधी बदलले मला कळलं नाही. सून बाळंतपणानंतर घरी आली तेव्हा बाराव्या दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाले, "किती सुटलीस गं!" ती काही बोलली नाही. पण त्यानंतर डिंकाचा लाडू तिने ताटातून बाजूला काढायला सुरुवात केली. मला वाटलं लाडू आवडत नसेल. अंगावर पाजणारी पोर अर्धपोटी राहत होती आणि मी लाडूत तूप कमी पडलं का ते बघत होते.

वर त्या मुलाने पुण्याच्या डॉक्टरांचं लिहिलंय. त्यांनीच पुण्याजवळच्या गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला, आईला पोटभर मिळालं नाही तर बाळ जन्मतः हडकुळं दिसतं पण अंगात चरबी धरून येतं, असं मी मागे एका दिवाळी अंकात वाचलं होतं. म्हणजे आमच्या पिढीची उपासमार या मुलांच्या कंबरेत उतरली म्हणायची. मग त्यांना कशाला बोल लावायचा.

तीन वर्षांपूर्वी सुनेची क्षमा मागितली. ती म्हणाली, "आई, तुम्ही विसरला असाल असं वाटलं होतं." ती विसरली नव्हती.

मोगरा७९

काकू, तुमचं लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण आज अर्धा डबा खाऊन आली.

सीवूड्सचा_समीर

मी ती भूक कमी करणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं घेतोय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मधुमेह आहे म्हणून. १४ किलो उतरलं. मला सर्वांत नवल कशाचं वाटलं सांगू? डोक्यातली खा-खा थांबली. समोर वडापाव असला तरी मन तिथे अडकत नाही. चाळीस वर्षं मला सांगितलं गेलं की माझ्यात निग्रह नाही. मग एका सुईने निग्रह कुठून आला? भूक मेंदूत आणि आतड्यातल्या संप्रेरकांवर चालते, ती प्रत्येकाची सारखी नसते. मळमळ होते, खर्चही आहे, आणि औषध थांबवलं की वजन परत येऊ शकतं. सरसकट सगळ्यांनी घ्यावं असं मुळीच म्हणत नाही. लग्न तोंडावर आलं म्हणून कुणाच्या सांगण्यावरून तर नकोच.

बाकी, लोक आता माझ्याशी जास्त आदराने बोलतात. तेच ऑफिस, तीच माणसं. याचा आनंद होत नाही, वाईट वाटतं.

स्पष्टवक्ता_खारघर

चार दिवस उत्तर दिलं नाही. वहिनीशी बोललो.

दादा शेवटची तीन वर्षं डॉक्टरकडे गेलाच नव्हता. शेवटचा गेला तेव्हा काट्यावर उभं करून नर्ससमोर हसले होते म्हणे, आणि गुडघ्याचं दुखणं न बघताच परत पाठवलं. घरी येऊन म्हणाला, "वजन कमी झालं की जाईन." ते कमी झालं नाही. तो गेला नाही. झोपेत त्याचं घोरणं मध्येच थांबायचं, वहिनी हलवून उठवायची. कुणालाच माहीत नव्हतं की तो आजार असतो आणि त्याला उपचार आहे.

मी म्हणत होतो आम्ही गप्प बसलो. वहिनी म्हणाली, "तुम्ही गप्प कुठे होतात? दर दिवाळीला त्याच्या फराळाच्या ताटावरून बोलायचात." तुमचं सगळं मला पटलंय असं अजूनही नाही. वजन कमी व्हायला हवं होतं, हे मी म्हणणारच. पण त्याला सोबत घेऊन दवाखान्यात जायला हवं होतं. ते मी केलं नाही.

शुभ्रा_सिस्टर

दादा, घोरताना श्वास थांबणाऱ्यांसाठी झोपेची तपासणी आता घरीही करता येते. घरात आणखी कुणाला तसा त्रास असेल तर जरूर करून घ्या. तुमचीही.

केळफूल

स्पष्टवक्ता, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

तळ्याकाठची

थोडी खबरबात. शिरेतून लोहाची इंजेक्शनं झाली. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन ९.६. नव्या डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत वजन विचारलं, लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. त्यानंतर वीस मिनिटं पाळीबद्दल बोलल्या. साखरेसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. बाहेर येऊन मी रिक्षात रडले. कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं होतं, एवढंच कारण.

सोमवारी ठाण्याहून गाडीत बसले. खिडकीजवळ. घणसोलीला गर्दी चढली आणि कॉलेजची एक मुलगी बाकाशी येऊन म्हणाली, "चौथी मिळेल?" अंग चोरायची सवय इतकी जुनी की मी उठायलाच निघाले होते. ती म्हणाली, "उठू नका आंटी, टेकते मी." टेकली. अर्धी बाहेरच होती, पण टेकली. कोपरखैरण्याला तिने कानातली एक वायर काढून विचारलं, जुईनगर किती स्टेशनं. मी सांगितलं. बेलापूरपर्यंत बसून गेले.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात, २२ तारखेला.

वर्तकनगर_काकू

२२ ला तुझ्याजवळ कोण आहे गं? मी वर्तकनगरला, नौपाडा काही लांब नाही. डबा पाठवते.

तळ्याकाठची

आई येतेय गावाहून, काकू. पण डबा चालेल. डिंकाचा लाडूही.